जपानची वाढ खुंटली, मग मुलीने तिकडे जावं का?

ताई,

तुमची मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जपानी भाषेची एन-४ परीक्षा (यात आकडा जितका लहान, तितकी पातळी वरची) पास झाली आहे आणि तिचे काका म्हणतात, ‘तीस वर्षं जिथली वाढ खुंटलीय, तिथे जाऊन काय करणार?’ काकांचं म्हणणं खोटं नाही. पण वाढ कशामुळे खुंटली, तेही बघायला हवं.

1980च्या दशकात तिथे कर्जाच्या जोरावर जमिनी आणि शेअर्सचे भाव फुगले. 29 डिसेंबर 1989 रोजी तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, निक्केई, 38,915वर बंद झाला. ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडावं लागलं. फुगा फुटल्यावर कंपन्या नवी गुंतवणूक सोडून कर्जं फेडत बसल्या आणि बँका बुडीत कर्जं झाकण्यासाठी डबघाईला आलेल्या कंपन्यांनाच पोसत राहिल्या.

यात तरुणांचं जे झालं, त्याने मला आजही वाईट वाटतं. जपानी कंपन्या नव्या पदवीधरांना एकदमच, 1 एप्रिलला रुजू करून घेतात. त्या वर्षांत ज्यांची ही वेळ हुकली, त्यांच्यातले कित्येक पुढे कंत्राटी कामातच अडकले. ‘रोजगाराचं हिमयुग’ म्हणतात त्या काळाला. पगार तुटपुंजा, त्यामुळे संसार लांबणीवर, खर्चाला हात आखडता. मग मागणी वाढणार कुठून?

आता मुख्य अडचण माणसांची आहे. 15 ते 64 वयाचे लोक 1995च्या सुमारास 8.7 कोटी होते, आज साडेसात कोटींच्याही खाली आलेत. बेरोजगारी अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कामं पडून आहेत, करायला हात कमी आहेत. तुमच्या मुलीला संधी आहे ती इथेच.

मात्र व्हिसा नीट निवडा. 2019 साली सुरू झालेल्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारण पाचच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. ती पदवीधर होणार आहे, तेव्हा इंजिनीअरच्या व्हिसासाठीच प्रयत्न करू दे. त्यासाठी भाषा पक्की हवी. डिसेंबरमध्ये एन-३ द्यायला सांगा, नोकरी शोधेपर्यंत एन-२ झाली तर उत्तमच.

पगाराचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. तिथले पगार वर्षानुवर्षं जागच्या जागी होते, आणि 2012 साली डॉलरला 80च्या आसपास असलेला येन 2024 मध्ये 160च्याही पलीकडे घसरला. कर, विमा, घरभाडं वजा करून हातात काय उरतं ते मांडा. आणि मुलाखतीत तिने हे विचारलंच पाहिजे: नोकरी कायम आहे की मुदतीची?