ॲपमधल्या चॅटबॉटने ‘पैसे परत मिळतील’ म्हटलं, आता कंपनी नाही म्हणते

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत मी, मिस्टर, मुलगा आणि सासूबाई असे चौघे व्हिएतनामला जाणार होतो. कुठे जायचं, कुठे किती दिवस राहायचं, हे सगळं मी फोनवरच्या एका फुकट एआय चॅटबॉटला विचारून ठरवलं. भारतीयांना व्हिसा तिथल्या विमानतळावरच मिळतो, असं त्याने सांगितलं होतं. मग एका ट्रॅव्हल कंपनीच्या ॲपवरून विमानाची तिकिटं (१,४६,००० रुपये) आणि हनोई व दा नांगची दोन हॉटेलं (३४,००० आणि ७८,००० रुपये) बुक केली. दा नांगच्या हॉटेलचे पैसे भरण्याआधी ॲपमधल्या चॅट असिस्टंटला मी विचारलं होतं की रद्द करावं लागलं तर काय होईल. ‘७२ तास आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल,’ असं उत्तर आलं. निघायच्या दहा दिवस आधी कळलं की ई-व्हिसा आधीच काढावा लागतो. तिघांचा आला. सासूबाईंच्या अर्जात नावाची चूक झाली, अर्ज परत भरावा लागला आणि त्यांचा व्हिसा वेळेत आला नाही. त्यांना मागे ठेवून जाणं शक्य नव्हतं, म्हणून पाच दिवस आधी सगळंच रद्द केलं. कंपनी म्हणते, हॉटेलं ‘नॉन-रिफंडेबल’ होती आणि चॅट असिस्टंट फक्त माहितीसाठी आहे. विमानाचे जेमतेम ९,४०० रुपये आले. मिस्टर म्हणतात, मशीनवर विश्वास ठेवला ही आपलीच चूक. आम्ही कोणावर दावा करायचा?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेले चारही स्क्रीनशॉट मी नीट वाचले. मिस्टरांचं म्हणणं एका बाबतीत खरं आहे, पण दा नांगच्या ७८,००० रुपयांच्या बाबतीत ते मला अजिबात मान्य नाही. तुम्ही दोन वेगळ्या चॅटबॉटशी बोललात आणि कायद्याच्या नजरेत त्या दोघांची जात वेगळी आहे. एक तुम्हाला फुकट माहिती देत होता. दुसरा तुमच्याकडून पैसे घेणाऱ्या कंपनीच्या वतीने बोलत होता.

पहिल्याचं आधी संपवते. व्हिसाची माहिती चुकीची होती यात शंका नाही. व्हिएतनामला जाणाऱ्या भारतीयाला ई-व्हिसा आधी काढावा लागतो. आगाऊ मंजुरीपत्र हातात असल्याशिवाय विमानतळावर व्हिसा मिळत नाही. फु क्वोक बेटावर थेट उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. बहुधा त्या सवलतीची आणि बाकी देशाच्या नियमांची चॅटबॉटने गल्लत केली असावी. पण तो चॅटबॉट बनवणाऱ्या कंपनीवर ग्राहक आयोगात जाण्यात अर्थ नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक, आणि विनामूल्य सेवा ‘सेवा’ या व्याख्येतूनच वगळलेली आहे. तुम्ही महिन्याचे पैसे भरून तो चॅटबॉट वापरत असतात तर मुद्दा निदान मांडता आला असता. तरीही प्रवासाची कागदपत्रं तपासण्याची जबाबदारी प्रवाशाची, हे उत्तर समोरून आलंच असतं. सासूबाईंच्या अर्जातली नावाची चूकही चॅटबॉटने केलेली नाही. ही बाजू सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा. तुमचा दुसरा स्क्रीनशॉट या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. चॅटच्या वरच्या पट्टीत दा नांगच्या हॉटेलचं नाव आणि तुमच्या मुक्कामाच्या तारखा आहेत. म्हणजे विचारलेला प्रश्न सर्वसाधारण नव्हता, त्याच हॉटेलबद्दलचा होता. खाली तुमचा प्रश्न आहे : ‘व्हिसा किंवा दुसऱ्या कारणाने रद्द केलं तर पैसे परत मिळतील का?’ आणि उत्तर आहे : ‘हो, चेक-इनच्या ७२ तास आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल.’ उत्तराला कारणाची अट नाही. त्यामुळे व्हिसा तुमच्या चुकीने हुकला, हा कंपनीचा बचाव इथे लागू पडत नाही. कारण काहीही असो, मुदतीत रद्द केलं की पैसे परत, असा तो शब्द होता. तुम्ही पाच दिवस आधी रद्द केलं आहे.

कंपनी म्हणते, ते ‘सिस्टम’ने दिलेलं उत्तर आहे, आम्ही नाही दिलं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधल्या कलम ११ मध्ये या सबबीचं उत्तर पंचवीस वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे. एखाद्याने स्वतः किंवा त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी आपोआप चालण्यासाठी तयार केलेल्या माहिती प्रणालीने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक संदेश त्या माणसाचाच मानला जातो. चॅट असिस्टंट कंपनीच्या ॲपमध्ये, कंपनीच्या नावाने, कंपनीची खोली विकण्यासाठी बसवलेला आहे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने हेच सांगितलं असतं तर मालकाला हात वर करता आले नसते. ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, हॉटेलची माहिती हॉटेलची’ असंही ते म्हणतील. पण मध्यस्थाला मिळणारं संरक्षण दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरापुरतं असतं. हे वाक्य हॉटेलने लिहिलेलं नाही, कंपनीच्या स्वतःच्या असिस्टंटने तयार केलं आहे.

शिवाय ग्राहक कायद्यातल्या ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपात केलेलं खोटं विधान स्पष्टपणे येतं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १८ प्रमाणे, खात्री नसताना ठामपणे केलेलं चुकीचं विधान हे मिथ्या निवेदन ठरतं, मग बोलणाऱ्याला ते खरं वाटत असलं तरी. चॅटबॉटचा हेतू काय होता, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही.

तुमची दुबळी बाजूही सांगते, कारण समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. तुमच्या तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये, पैसे भरण्याच्या पानावर, रकमेखाली बारीक अक्षरात ‘नॉन-रिफंडेबल’ आहे. आणि चॅटच्या तळाशी ‘एआयकडून चुका होऊ शकतात’ ही ओळ आहे. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये एक अपवाद आहे : साधी काळजी घेऊन सत्य कळू शकत असेल, तर मिथ्या निवेदनाचं कारण देऊन करार मोडता येत नाही. कंपनी याच अपवादाचा आधार घेईल. त्यावर तुमचं उत्तर असं असायला हवं की, पैसे भरण्याआधी विकणाऱ्यालाच नेमका प्रश्न विचारणं ही साधी काळजी नव्हे तर दुसरं काय? ग्राहकाने कंपनीच्या एका पानावरचं दुसऱ्या पानाशी ताडून पाहायचं, ही अपेक्षा वाजवी नाही. तो तिसरा स्क्रीनशॉट मात्र लपवू नका. तक्रारीसोबत आपणहून जोडा. आयोगासमोर तो कंपनीने काढला तर तुमचं बाकीचं खरंही संशयाने पाहिलं जाईल.

कॅनडात अगदी असाच वाद झाला आहे. आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सांगितलं की शोकप्रसंगाची भाडेसवलत प्रवास झाल्यानंतरही, तिकीट काढल्यापासून ९० दिवसांत मागता येते. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता. चॅटबॉट ही स्वतःच्या कृतींना स्वतः जबाबदार असलेली वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि व्याज व शुल्क धरून ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. खरा नियम त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर होता, तरीही. हा निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे, म्हणून तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा.

हनोईच्या ३४,००० रुपयांबद्दल मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. तिथे तुम्ही विचारलंच नव्हतं. ‘एकाचे मिळतील म्हणजे दुसऱ्याचेही’ हे गृहीत धरणं स्वाभाविक होतं, पण ते कंपनीचं विधान नाही. मागणीत ही रक्कम वेगळी लिहा, म्हणजे ती नाकारली गेली तरी दा नांगच्या मागणीला धक्का लागणार नाही. विमानाच्या तिकिटांवर मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांपलीकडे रद्द करण्याचं शुल्क लावता येत नाही, आणि तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत करावंच लागतं, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. तुमची विमान कंपनी भारतीय आहे, तेव्हा ९,४०० रुपयांचा तपशील लेखी मागा आणि चारही तिकिटांवरच्या करांशी जुळवून पाहा.

आज करायचं काम पुराव्याचं आहे. ॲपमधली जुनी संभाषणं कधी दिसेनाशी होतील याचा भरवसा नाही. पूर्ण चॅट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर खुणा करू नका. तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक बाबींवर तेवढा अडून बसत नाही, तरी ते जोडलेलं बरं.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. मजकूर भावनिक नको. एवढं पुरेल : ‘पैसे भरण्यापूर्वी तुमच्या ॲपमधील चॅट असिस्टंटने मला सदर हॉटेलचे आरक्षण ७२ तास आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल असे लेखी सांगितले. त्यावर विसंबून मी ७८,००० रुपये भरले आणि मुदतीत आरक्षण रद्द केले. रक्कम परत करावी. सदर संभाषणाची तुमच्याकडील संपूर्ण नोंद जतन करावी आणि तिची प्रत मला द्यावी.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नंतर नोंद मिळत नाही असं ते म्हणाले तर हा ईमेल उपयोगी पडेल. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात या. कंपनीच्या अटींत दुसऱ्या शहराचं न्यायक्षेत्र लिहिलेलं असलं तरी तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची आहे. एक सूचना मात्र काटेकोर पाळा. तक्रारीत ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हेच शब्द वापरा. कंपनीच्या अटी म्हणजे ‘अनुचित करार’ आहे असा मुद्दा घेतलात, तर तो ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे, आणि तुमची तक्रार अधिकारक्षेत्राच्या वादात अडकेल. मानसिक त्रासापोटी लाखांचे आकडेही टाकू नका. मूळ रक्कम, व्याज, त्रासापोटी बेताची रक्कम आणि खर्च एवढंच मागा.

नोटीस गेल्यावर कंपनी बहुधा ७८,००० ऐवजी थोड्या रकमेचं ट्रॅव्हल व्हाउचर देऊ करेल. ॲपमध्ये ते ‘स्वीकारा’ म्हणताना खाली तक्रार पूर्णपणे मिटल्याची संमती असू शकते. ते बटण दाबण्याआधी त्या पानाचा फोटो मला पाठवा.