साथ, संचारबंदी आणि खाकी वर्दी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘पुन्हा मोठी साथ आली तर पोलिसांनी कसे वागावे?’ या विषयावर प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत २०२०-२१ च्या आठवणी आहेत, त्यातही नाकाबंदीच्या. मी पोलीस प्रशिक्षणार्थींना कायदा शिकवतो. या पत्रांतले काही प्रश्न मला वर्गातही विचारले जातात, फक्त तिथे विचारणारा काठीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

प्रश्न : संचारबंदीत दुकानाचे शटर अर्धे उघडे दिसले म्हणून पोलिसाने काठीने मारले. माझ्या डोळ्यांसमोर दोन मुलांना भर चौकात उठाबशा काढायला लावल्या. पोलिसांना तसा अधिकार होता का? (किराणा दुकानदार, सोलापूर)

नव्हता. आदेश मोडल्याबद्दल तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम १८८ लावले जाई. त्यात जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आले आणि मानवी जिवाला धोका होत असेल तर शिक्षा एक वर्ष किंवा पाच हजार रुपयांपर्यंत वाढली. पण शिक्षा तेव्हाही न्यायालय देत होते, आजही न्यायालयच देते. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार आल्याशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखलही घेऊ शकत नाही. पोलीस नाव-पत्ता घेऊ शकतात, गुन्हा नोंदवू शकतात, बेकायदा जमाव हटत नसेल तर गरजेपुरते बळ वापरू शकतात. एकट्या दुकानदाराच्या पाठीत काठी घालणे यात कुठेच बसत नाही. उठाबशा, बेडूकउड्या, गळ्यात पाटी अडकवून फोटो काढणे हेही बसत नाही.

याचे भयंकर टोक तामिळनाडूतल्या सातानकुलमला दिसले. जून २०२० मध्ये मोबाइलचे दुकान ठरलेल्या वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून बापलेकाला ठाण्यात नेले, तिथे बेदम मारले आणि काही दिवसांत दोघेही गेले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. हा प्रसंग मी प्रत्येक तुकडीला सांगतो, कारण त्याची सुरुवात तुमच्या प्रश्नासारखीच आहे, एका दुकानाच्या शटरपासून.

आणखी एक गोष्ट, जी पोलिसांच्या लक्षात सहसा आणून दिली जात नाही. चोरीच्या तपासात लोक पोलिसाला घाबरले तरी चोर पकडता येतो. साथीत मात्र सगळी मदार लोकांनी आपणहून पुढे येण्यावर असते. ताप आलाय हे सांगायचे, कुणाकुणाला भेटलो ते सांगायचे, घरातल्या म्हातारीला तपासणीला न्यायचे. हे काठीने होत नाही. ज्याने चौकात मार खाल्ला, तो पुढच्या आठवड्यात ताप लपवतो. म्हणून साथीतला मार आधी अन्याय आहेच, शिवाय रोग पसरवायला मदत करणारा आहे.

प्रश्न : १८९७ चा साथरोग कायदा इंग्रजांचा. तो अजून कशाला ठेवला आहे? (निवृत्त शिक्षिका, पुणे)

पुण्याहून हा प्रश्न यावा हे साहजिकच आहे. मुंबई इलाख्यात प्लेग पसरल्यावर फेब्रुवारी १८९७ मध्ये हा कायदा आला. इनमीन चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करण्याची मुभा, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, एवढाच त्याचा ऐवज. नागरिकाला कोणता हक्क उरतो, याबद्दल एक ओळ नाही. पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घेतल्या, देवघरापर्यंत बूट गेले, संशयितांना इस्पितळात किंवा विलगीकरण छावणीत हलवले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हे आपण शाळेपासून वाचत आलो.

शाळेत कमी सांगितला जातो तो भाग असा, की लोक रोगी लपवू लागले. झडतीची चाहूल लागताच आजारी माणूस मागच्या दाराने दुसऱ्या वाड्यात, दुसऱ्या गावात जाई, आणि त्याच्याबरोबर प्लेगही जाई. पुढे सरकारलाच सक्ती सैल करावी लागली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. त्या दवाखान्याच्या दारात शिपाई उभा नव्हता.

२०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तीही आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांसाठी. साध्या हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर दुखापतीला सहा महिने ते सात वर्षे. दुरुस्ती आवश्यकच होती, कारण डॉक्टर आणि आशाताईंवर हात टाकणारे लोक होते. पण आदेश किती दिवस टिकेल, तो कुणी तपासायचा, नुकसान झालेल्याने कुठे दाद मागायची, हे कायद्यात आजही नाही. तो रद्द करून नवा, नागरिकांचे हक्क लिहून ठेवणारा कायदा यावा असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : माझी आई हवालदार आहे. कोरोनात ती तीन आठवडे घरी आली नाही. तिच्या बरोबरीचे दोघे गेले. टीका करणाऱ्यांना हे दिसत नाही का? (विद्यार्थी, ठाणे)

दिसायलाच हवे. राज्यातले शेकडो पोलीस त्या साथीत गेले. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत पहिले मृत्यू झाल्यावर पंचावन्नच्या पुढच्या कर्मचाऱ्यांना घरी थांबायला सांगितले गेले. कर्तव्यावर कोरोनाने मृत्यू आल्यास कुटुंबाला ५० लाखांचे सानुग्रह साहाय्य जाहीर झाले. पण तोवर कित्येकांनी रुमाल बांधून, सॅनिटायझरच्या एका बाटलीवर चार जणांनी नाकाबंदी केली होती. पोलीस वसाहतीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत विलगीकरण कसे करायचे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

तुमच्या आईसारख्यांची बाजू मी वर्गात मांडतो, ती एवढ्यासाठीच की ठाण्यातला न्याय आणि रस्त्यावरचा न्याय वेगळे नसतात. सुटी नाकारताना ज्याला कारण सांगितले जात नाही, तो वाहनचालकालाही कारण सांगत नाही. ड्युटीचे वाटप, मास्क, आजारपणाची रजा यांत वरिष्ठ सरळ वागले की शिपायाच्या आवाजातली धार कमी होते. अनेक देशांतल्या पोलीस अभ्यासकांनी हे दाखवून दिले आहे. मला ते पटायला अभ्यासाची गरज पडली नाही.

प्रश्न : नियम रोज बदलायचे. दोन किलोमीटर म्हणाले, मग नाही म्हणाले. दंड भरला तो कशासाठी हेच कळले नाही. (रिक्षाचालक, कुर्ला)

तुमची तक्रार रास्त आहे. जून २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरण्याचा नियम जाहीर केला, गाड्या जप्त झाल्या आणि काही दिवसांतच शब्द बदलून ‘घराजवळचा भाग’ असा झाला. एप्रिल २०२१ मध्ये गाड्यांसाठी लाल, हिरवे, पिवळे स्टिकर आले आणि आठवड्याभरात गेले. आदेश काढणारे कार्यालय वेगळे, अंमल करणारे वेगळे आणि शिव्या खाणारा नाक्यावरचा शिपाई. त्याच्या हातात पडणारा आदेश बहुधा व्हॉट्सॲपवरून आलेला असे. शेजारच्या हद्दीतला शिपाई त्याचाच वेगळा अर्थ लावी.

अमेरिकेतले समाजमानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांचे काम इथे उपयोगी पडते. दंडाच्या भीतीपेक्षा ‘आपल्याशी न्यायाने वागले’ या भावनेने माणूस कायदा अधिक पाळतो, असे त्यांना दिसले. न्यायाने म्हणजे काय? माझे म्हणणे ऐकून घेतले, कारण सांगितले, शेजाऱ्याला लावला तोच नियम मला लावला आणि अपमान केला नाही. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये पोलिसांना बोला, समजावा, वळवा आणि त्यानंतरच कारवाई करा, असा क्रम घालून दिला होता. तिथेही चुका झाल्या. पण क्रम लिहिलेला असल्यामुळे चूक कुठे झाली हे बोट ठेवून सांगता आले.

२०२२ मध्ये आपल्या सरकारने टाळेबंदीतले कलम १८८ चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला, ते बरे झाले. पोरांच्या नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते गुन्हे आडवे येत होते.

प्रश्न : आमच्या वस्तीकडे सगळे रोग पसरवणारे म्हणून बघत. पोलीसही आधी आमच्याच गल्लीत बॅरिकेड लावत. (कापड व्यापारी, मालेगाव)

मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजमध्ये (केंद्रात) भरलेल्या तबलिगी या मुस्लिम धर्मप्रचारक जमातीच्या मेळाव्यावर साथ पसरवल्याचा ठपका बसला, त्यानंतर देशभर जे झाले त्याचा तुमच्यावर झालेला परिणाम मी समजू शकतो. अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला रद्द केले. साथीच्या संकटात सरकार बळीचा बकरा शोधते आणि हे लोक त्यासाठी निवडले गेल्याची शक्यता दिसते, असे निकालात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने हा निकाल वाचावा.

बॅरिकेड कुठे लागते ते रुग्णसंख्येवर ठरावे आणि ती संख्या पाटीवर लिहून तिथेच लावावी. मग जात-धर्म कुजबुजायला जागा उरत नाही. अफवेच्या बाबतीत हयगय किती महाग पडते, हे १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दिसले. मुले पळवणारे, चोर फिरताहेत अशी आवई टाळेबंदीच्या रात्रींत गावोगाव फिरत होती. त्या रात्री जमावाने पोलिसांच्या देखत दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार केले. आवई गावात होती, पण तिला वेळीच खोटे पाडणारा, गावाचा विश्वास असलेला माणूस ठाण्याजवळ नव्हता.

प्रश्न : धारावीचे कौतुक झाले. ते महापालिकेचे की पोलिसांचे? (लोकप्रशासनाची विद्यार्थिनी, नागपूर)

मुख्यतः महापालिकेच्या जी-उत्तर विभागाचे आणि धारावीकरांचे. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरात आठ-दहा लाख माणसे, अनेकांना सार्वजनिक शौचालय. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. ‘घरात राहा’ हा आदेश जिथे शब्दशः पाळताच येत नाही, तिथे तो बंदोबस्ताने पाळून घेणार कसा? म्हणून घरोघरी तपासणी झाली, तापाची शिबिरे भरली, वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले गेले, शाळा आणि सभागृहांत विलगीकरण झाले. लोक तिथे गेले कारण जेवण मिळत होते आणि डॉक्टर ओळखीचा होता. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले ते यासाठी. पोलिसांनी प्रतिबंधित क्षेत्रांच्या सीमा सांभाळल्या. ते काम कष्टाचे आणि महत्त्वाचे होते, पण पाठीशी उभे राहण्याचे होते. पोलिसांची जागा तीच असावी.

याच्या उलट चित्र रस्त्यावर होते. ८ मे २०२० ला जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. रस्त्याने गेलो तर पोलीस अडवतील म्हणून रुळांची वाट धरली, असे तेव्हा सांगितले गेले. ज्या मजुराला पोलीस दिसताच मदत आठवायला हवी होती, त्याने पोलीस टाळायला लोखंडी वाट निवडली. माझ्या मते त्या टाळेबंदीतले हे सर्वांत मोठे अपयश आहे, आणि ते परवाना देणाऱ्या कार्यालयांपासून नाक्यापर्यंत सगळ्यांचे आहे.

प्रश्न : पोलिसाने अतिरेक केला तर तक्रार कुठे करायची? (नाव नको, कोल्हापूर)

आधी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी, पोच घेऊन. तिथे दाद नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग. आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जा, नंतर हात बांधलेले असतात. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे थेट अर्जाचाही मार्ग आहे. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून कागद घ्या. ठाण्यात झाली असेल तर सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिले आहेत.

प्रश्न : आम्ही गावाच्या वेशीवर खड्डा खणून रस्ता बंद केला होता. पुढच्या वेळी काय करावे? (ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

खड्डा खणू नका. रुग्णवाहिका त्याच रस्त्याने येते, बाळंतीणही त्याच रस्त्याने जाते. सार्वजनिक रस्ता तोडणे गुन्हा आहे. त्या काळात मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच माणसांना कित्येक गावांनी शाळेच्या पडवीत दिवस काढायला लावले. त्यांतले काही अजून गावकीत बोलत नाहीत.

त्याऐवजी आत्ताच, साथ नसताना, एक बैठक घ्या. पोलीस पाटील, आशाताई, आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिका, रेशन दुकानदार, बीट अंमलदार आणि गावाबाहेरच्या वस्तीतला किमान एक माणूस बोलवा. बाहेरून येणाऱ्याची नोंद कोण करणार, त्याला कुठे ठेवणार, जेवण कोण पोहोचवणार आणि अफवा आली तर पहिला फोन कुणाला, हे ठरवून नावानिशी लिहा. नोंदीचे काम आशाताईंकडे द्या, शिपायाकडे नको. दारात वर्दी दिसली तर लोक प्रवास लपवतील. ठराव ग्रामसभेत मंजूर करून एक प्रत पोलीस ठाण्यात द्या आणि दरवर्षी पावसाळ्याआधी त्यातले फोन क्रमांक तपासून घ्या.