‘आय ॲम फाइन’, ‘आय ॲम गुड’ आणि ‘आय ॲम वेल’ यांच्या अर्थांत नेमका फरक काय आहे?

‘हाउ आर यू?’ या प्रश्नाला या तिन्हींपैकी कोणतेही उत्तर दिले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही बरोबर आहेत, पण त्यांच्या छटा वेगळ्या आहेत.

सर्वांत फसवा शब्द ‘फाइन’ हा होय. ‘फाइन वाइन’मध्ये तो उच्च दर्जा सुचवतो, परंतु स्वतःविषयी बोलताना ‘ठीक आहे’ एवढाच उरतो. हसतमुखाने ‘फाइन, थँक्स, अँड यू?’ म्हटले तर ते साधे सौजन्य असते; मात्र तेच ‘आय ॲम फाइन’ तुटकपणे, आवाज खाली आणत म्हटले आणि समोरच्याची विचारपूसही केली नाही, तर ‘मला याविषयी बोलायचे नाही’ असा अर्थ होतो. एखादा पाय घसरून पडला आणि आपण धावत गेलो, तर तो हेच वाक्य म्हणतो, आणि तेव्हा त्याला ‘मला लागलेले नाही, काळजी करू नका’ असे सांगायचे असते.

‘आय ॲम गुड’ हे अशुद्ध आहे असे अनेकांना शिकवलेले असते. ते मला पटत नाही, कारण ‘ॲम’नंतर विशेषण येणे हे नियमाला धरूनच आहे. अमेरिकी बोलण्यात हे उत्तर अगदी रोजचे आहे. आक्षेप घ्यायचा तर ‘आय ॲम डुइंग गुड’वर घेता येईल, बोलताना ते सर्रास ऐकू येते, पण काटेकोर लेखनात तिथे ‘वेल’ हवे, कारण ‘डुइंग गुड’चा मूळ अर्थ सत्कार्य करणे असा आहे. शिवाय कोणी आणखी कॉफी हवी का असे विचारले असता ‘नो, आय ॲम गुड’ म्हणजे ‘नको, पुरे’. ‘वेल’चा रोख प्रामुख्याने प्रकृतीकडे असतो, म्हणून आजाऱ्याला ‘गेट वेल सून’ असेच म्हणतात.

मला सर्वांत उशिरा उमगलेले उत्तर ‘नॉट टू बॅड’ हे आहे. माझे एक ब्रिटिश सहकारी दर सोमवारी फोनवर हेच म्हणत असत आणि त्यांचे काहीतरी बिनसले आहे असे मी धरून चाललो होतो. अखेर मी काळजीने विचारले, तेव्हा त्यांनी आश्चर्याने सांगितले की त्यांचे सारे उत्तम चालले आहे. ब्रिटिश बोलण्यात चांगले सांगतानाही शब्द असे हात राखून वापरतात. तिथे ‘नॉट टू बॅड’ हे बहुधा आपल्या ‘छान चाललंय’च्या जवळ जाते. तिथलेच ‘यू ऑल राइट?’ हेही बऱ्याचदा केवळ अभिवादन असते, त्यामुळे ‘ऑल राइट’ एवढे उत्तर पुरते.

पत्राच्या किंवा ईमेलच्या आरंभी मात्र ‘आय होप यू आर वेल’ असेच लिहावे. तिथे ‘गुड’ घातले, तर आपण नीट वागत असाल अशी आशा व्यक्त केल्यासारखे वाटू शकते.