गोळीने लक्ष लागतं, मग डायरी कोरी का राहते?

‘गोळी सुरू केली, लक्ष लागतं, पण कामं जिथल्या तिथेच. मग नुसतं बोलून काय होणार?’ मोठेपणी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि कामं तडीस नेणं अवघड करणाऱ्या विकाराचं) निदान झालेली माणसं हे वारंवार विचारतात. बँकेत काम करणाऱ्या एका 34 वर्षांच्या गृहस्थांनीही विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांनी सॅकमधून तीन वर्षांच्या तीन डायऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. तिन्ही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुबक अक्षरात भरलेल्या, पुढे कोऱ्या.

‘बघा मॅडम, आळशीपणाचा पुरावा.’

‘लिहायचं थांबलं, त्या दिवशी काय झालं होतं?’

ते बराच वेळ पानं उलटत राहिले. ‘एक दिवस राहून गेला. दुसऱ्या दिवशी कोरं पान दिसलं आणि वाटलं, तुझं कधी काही पुरं होतं का? मग उघडलीच नाही.’

गाठ इथे होती. आळशी माणूस जानेवारीत तीनदा नव्याने सुरुवात करत नाही. डायरी बंद पाडली ती लाजेने. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य गोळीने पुसलं जात नाही आणि कामाची घडीही तिने आपोआप बसत नाही. म्हणूनच विचार आणि सवय दोन्हींना एकत्र हात घालणाऱ्या वर्तनात्मक उपचारावर माझा भर असतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधल्या 86 प्रौढांच्या अभ्यासात, औषध चालू असूनही त्रास उरलेल्यांना अशा 12 भेटींचा फायदा विश्रांतीची तंत्रं आणि माहिती देण्यापेक्षा जास्त झाला.

पहिला नियम डायरीचा ठरला: राहिलेल्या पानावर तिरकी रेघ मारायची, मागचं भरत बसायचं नाही, थेट आजचं पान उघडायचं. वेळ ठरलेल्या गोष्टी डायरीत, बाकी सगळं एकाच यादीत. दोन्ही सकाळच्या चहासोबत बघायच्या, कारण चहा चुकत नाही. यादीतली तीनच कामं आजची. पाचवं-सहावं घुसलं की यादीच टाळली जाते. दर आठवड्याला नवं ॲप शोधणं हीसुद्धा टाळाटाळच.

मग घड्याळ लावून बघितलं: कंटाळवाण्या कामात ते सरासरी 11 मिनिटांनी उठतात. ताणून अर्धा तास बसण्यापेक्षा कामाचेच 10 मिनिटांचे तुकडे केले. ‘रिटर्न भरणे’ हा तुकडा नव्हे; ‘फॉर्म 16 शोधून एका फोल्डरमध्ये ठेवणे’ हा तुकडा. मध्येच दुसरं काही आठवलं तर शेजारच्या कागदावर एक शब्द लिहायचा, हातातलं काम चालू ठेवायचं, गजर वाजल्यावर कागद बघायचा. त्यातल्या बहुतेक गोष्टी तेव्हा तातडीच्या वाटत नाहीत.

चौथ्या भेटीला ते आलेच नाहीत. पाचव्या भेटीत म्हणाले, ‘तोंड दाखवायची लाज वाटत होती.’ मी डायरी मागितली आणि त्या तारखेवर त्यांच्याच हाताने रेघ मारून घेतली.

नवव्या भेटीला डायरीत अशा सहा रेघा होत्या. सहाव्या रेघेच्या पुढच्याच पानावर लिहिलं होतं: ‘वीजबिल भरलं, मुदतीच्या दोन दिवस आधी.’