गीतारहस्य आणि जुनी आत्मवृत्तं अर्ध्यात सुटतात. कशी वाचावीत, रोज किती पानं?

तुम्ही लिहिलंय, रत्नागिरीला बदली झाली, टिळकांचं जन्मस्थान पाहून हुरूप आला, गीतारहस्य घेतलं आणि पहिल्याच प्रकरणात अडलात. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’, म्हणजे सत्तावनच्या बंडात सापडलेल्या भटजींचं आत्मवृत्त, तेही झाशीच्या वेढ्याचा भाग संपल्यावर ठेवून दिलंत.

अडणारच. ‘ग्रंथ पहिल्या पानापासूनच वाचायचा’ हा आमच्या वाचनालयातल्या जुन्या मंडळींचा हट्ट, आणि तो मला कधीच पटलेला नाही. पहिलं प्रकरण ‘विषयप्रवेश’ रुचतं ते गीतेच्या भाष्यकारांचे वाद आधीपासून ठाऊक असलेल्यांना. तुम्ही दुसरं प्रकरण घ्या, ‘कर्मजिज्ञासा’. तिथे हॅम्लेट आहे, दुष्काळात कुत्र्याचं मांस चोरायला निघालेला विश्वामित्र आहे, खरं बोलून वाटसरूंना चोरांच्या हाती द्यावं का हा पेच आहे. मग पाचवं, अकरावं, बारावं. सातवं-आठवं सांख्य या जुन्या दर्शनाच्या तत्त्वांचं. तिथे भलेभले धीर सोडतात, म्हणून ती शेवटी. मूळ श्लोक त्याच ग्रंथात मागे टिपांसह आहेत, तिथे एक खूण कायम घालून ठेवा. पानं मोजू नका, प्रकरण संपवून उठा.

पहिल्या प्रकरणातली एक गोष्ट मात्र आत्ताच उचला. ग्रंथाचं तात्पर्य काढायची मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांची, साधनं तिथे दिली आहेत: उपक्रम-उपसंहार म्हणजे सुरुवात आणि शेवट, अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा काय येतं ते, अपूर्वता म्हणजे नवं काय सांगितलं ते, फल म्हणजे परिणाम, अर्थवाद म्हणजे ओघात आलेली स्तुती-वर्णनं, उपपत्ती म्हणजे युक्तिवाद. टिळक ती गीतेला लावतात. आत्मवृत्तालाही ती चोख लागू पडतात.

गोडसे भटजींचंच घ्या. उपक्रम काय? पेणजवळचं वरसई, घरावर कर्ज, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून धरलेली उत्तरेची वाट. उपसंहार काय? मिळवलेलं बरंचसं वाटेत लुटलं गेलेलं, पण गंगेची कावड घरी पोचली आणि आईवडिलांना स्नान घडलं. अभ्यास कशाचा? दक्षिणा किती, जेवणाची सोय कुठे, घर कधी दिसेल. हे कर्ज फेडायला निघालेल्या मुलाचं पुस्तक आहे. झाशीच्या राणीच्या दर जयंतीला त्यातली झाशीची पानं तेवढी वाचून ‘सत्तावनचा ग्रंथ’ म्हणून मिरवणारे वक्ते पुस्तकाचा शेवट श्रोत्यांपर्यंत पोचूच देत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो. म्हणून सांगतो, पहिली वीसेक पानं आणि शेवटची वीसेक पानं आधी वाचा, मग मधला वेढा. तो वेगळाच दिसेल.

झाशीची पानं कमी मोलाची नाहीत, हेही लिहितो. तो माणूस वेढ्यात आत होता. पण लिहिलंय कित्येक वर्षांनी, आठवणीवर, तेव्हा तारखा दुसरीकडे ताडून घ्या. आणि आवृत्ती बघून घ्या. 1907 सालच्या छापील प्रतीत संपादक चिं. वि. वैद्यांनी बरीच काटछाट आणि फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून इतिहासकार दत्तो वामन पोतदारांनी काढलेली 1966 ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

संस्कृत शिकला असाल, तर गीतारहस्य खुशाल क्रमानेच वाचा.