दोरी सगळ्यात शेवटी

सोलापूर,
रविवार संध्याकाळ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तू आजोबांच्या वखारीतलं लाकूड कापायचं जुनं चेनसॉ गोणपाटात गुंडाळून आणलंस, ओट्यावर ठेवलंस आणि लगेच विचारलंस, "काका, किती वेळा दोरी ओढली की सुरू होईल?" मी गप्प राहिलो, तू जरा हिरमुसलीस. उत्तर लांबलचक होतं, म्हणून पत्र लिहायला बसलो.

दोरी ओढूच नकोस. एवढ्यात तरी नाही. मशीन बंद पडलं तेव्हा त्याला काहीतरी झालेलं होतं, आणि ते अजूनही तसंच आत आहे. वीस वर्षं पडून राहिल्यानं बिघाड बरा होत नाही, त्यात भरच पडते.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. मी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा होतो. मागाच्या आवाजावरून धोटा कुठे अडतोय ते ओळखायचो, त्यामुळे कुठलंही यंत्र आपलं ऐकतं असं वाटायचं. माझ्या हातात आलेलं पहिलं चेनसॉ मी प्लग पुसून, ताजं पेट्रोल भरून चौथ्या ओढीला सुरू केलं. आनंदाच्या भरात पूर्ण थ्रॉटल दिला. दोनेक मिनिटांत आवाज चढत गेला, चिरका झाला आणि मशीन जागच्या जागी जाम झालं. क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या हालचालीवर फिरणाऱ्या दांड्याचं, रबरी ऑइल सील वाळून कडक झालं होतं. तिथून जादा हवा आत शिरत होती, त्यामुळे मिश्रण पातळ झालं. अशा टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं म्हणजे तेलही कमी पडलं. पिस्टनचं अॅल्युमिनियम सिलेंडरच्या भिंतीला चिकटलं. तो सिलेंडर मला पुन्हा कुठेच मिळाला नाही. आवाज चढत होता तेव्हाच मशीन सांगत होतं, पण मागाचा आवाज ओळखणाऱ्या माझ्या कानाला ही भाषा तेव्हा येत नव्हती.

म्हणून आधी सायलेन्सर काढ. दोन-तीन नट असतात. बॅटरी मारून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघ. बाजू गुळगुळीत असेल तर नशीब चांगलं. उभे ओरखडे दिसले तर सिलेंडर खोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग प्लगच्या जागी आतला दाब मोजणारं कॉम्प्रेशन मीटर लाव आणि तेवढ्यापुरती दोरी ओढ. १५० पौंडांच्या आसपास काटा गेला तर उत्तम, १०० च्या खाली राहिला तर पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील.

मग ठिणगीचा भाग बघायला फ्लायव्हील, म्हणजे दोरीच्या बाजूचं जड चाक, काढावं लागेल. त्याचा नट सोडवताना पंख्याच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नकोस, पाती मोडतात. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोड आणि पिस्टन तिच्यावर टेकू दे, म्हणजे इंजिन फिरणार नाही. पिस्टननं एक्झॉस्टचं भोक झाकल्यावरच दोरी घाल, नाहीतर ती भोकात अडकून कापली जाईल. सुती दोरी आपल्या गावात शोधायला नको. दुसरीकडचा, चेन फिरवणारा क्लच सहसा उलट्या आट्याचा असतो, नेहमीच्या सवयीनं फिरवलास तर अजून घट्ट बसेल.

तुझं मशीन पॉइंटवालं आहे, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे धातूचे दोन तुकडे त्यात आहेत. फ्लायव्हीलखाली पॉइंट दिसतील, बहुतेक त्यांवर काळा थर असेल. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरव, नंतर कोऱ्या जाड कागदाची पट्टी मध्ये ओढून धूळ काढ. अशा मशीनला पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवतात, प्लगची ०.५. फ्लायव्हील जागेवर धरणारी छोटी चावी तुटलेली नाही ना, तेही बघ. ती सरकली की ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी, आणि माणूस हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

कार्ब्युरेटरवर मात्र तुला पुरता एक दिवस द्यावा लागेल, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो, तो आडवा केला की गडबड होते. चेनसॉ तर आडवं, तिरपं, कसंही धरावं लागतं. म्हणून इथे फ्लोटऐवजी पातळ पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमधला दाब कमीजास्त होतो. त्या धडधडीवर दुसरा एक पडदा हलतो आणि टाकीतलं पेट्रोल वर खेचतो. वेगळा पंप नाही, वेगळी मोटर नाही, इंजिनच्या श्वासावर सगळं चालतं. वीस वर्षांत हे पडदे पापडासारखे कडक होतात. ते धुऊन नरम पडत नाहीत, नवा किटच घाल. आतली नखाएवढी जाळीही काढून बघ. आपल्या मे महिन्याच्या उन्हात टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे लाखेसारखा चिकट थर राहतो, तो नेमका त्या जाळीत बसतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे नळी नवी टाक आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालव. तेलाचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल ते. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, ५० ला १ म्हणजे २० मिली. "तेल थोडं जास्तच घाल, बरं असतं," असं सांगणारे भेटतील. ऐकू नकोस. तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण पातळ होतं. माझ्या सिलेंडरचं जे झालं, त्याच वाटेनं तुझाही जाईल.

धुण्याबद्दल एक धोका सांगतो. आपल्याकडे कापड रंगवणाऱ्या डाय हाऊसमध्ये कॉस्टिक सोडा सहज मिळतो आणि कुणीतरी तो तुला नक्की सुचवेल. अॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं. जुन्या मशीनची बॉडी बहुतेकदा मॅग्नेशियमची असते, तिला आम्ल खातं. म्हणजे पिस्टन एकानं जाईल, बॉडी दुसऱ्यानं. डिझेल, ब्रश आणि धीर, इतकंच वापर. मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाण्यानं विझत नाही, उलट भडकतो. म्हणून बॉडीवर ग्राइंडर लावायचा नाही. आणि मॉडेलची प्लेट घासू नकोस, तिच्यावर रंगही मारू नकोस. त्या पुसट आकड्यांवरूनच पार्ट मिळणार आहेत. सीलसाठी मात्र कंपनीचं नाव नसलं तरी चालतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कागदावर लिहून बेअरिंगच्या दुकानात जा, बऱ्याचदा काम होतं.

हे मशीन जपण्यासारखं का, असं तुझे बाबा विचारत होते. १९२९ मध्ये आंद्रेआस स्टिलनं जर्मनीत पेट्रोलवरचं मशीन काढलं ते ४६ किलोचं होतं, धरायला दोन माणसं लागायची. तुझ्या आजोबांनी एकट्यानं जे खांद्यावर टाकलं, तिथवर यायला कितीजणांची डोकी खपली. चेनच्या दातांचंच बघ. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या माणसानं लाकूड पोखरणारी अळी पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालतात आणि लाकूड आडवं-उभं कसंही सहज कुरतडतात. तोच आकार त्यानं पोलादात उतरवला. तू दाताला कानस लावशील तेव्हा डावा दात, उजवा दात असा पाळीपाळीनं येईल, त्यावेळी ती अळी आठव.

सुरू झाल्यावर पहिल्यांदा बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन न लावता, थ्रॉटल न ताणता ऐक. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर, आवाज खाली न येता चढत राहिला, तर त्याच क्षणी बंद कर, हवा शिरतेय. एवढ्या जुन्या मशीनला सहसा चेन ब्रेक नसतो. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला तर मशीन उसळून तोंडावर येतं आणि थांबवायला काहीच नसतं. हेल्मेट, जाळी, पायाचं संरक्षण आणि जाड बूट नसतील तर मी तुला चेन लावू देणार नाही, रागावलीस तरी चालेल. आणि कापायचं ते वखारीतलं ओंडकंच, आधी कडुलिंबाचं. सुकी बाभूळ नको, तुझ्या कानशीचं काम तिथे लगेच उघडं पडेल. दारातली चिंच तर नाहीच. शहरातलं उभं झाड परवानगीशिवाय तोडायला १९७५ पासून कायद्यानं बंदी आहे.

गड्डा जत्रेच्या गर्दीत दोन-तीन दिवस मला वेळ नाही. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ये. सायलेन्सर तू स्वतः काढून आण, नट डब्यात ठेव आणि पिस्टनवर काय दिसलं ते वहीत काढून आण. पेट्रोल आणू नकोस.

तुझा,
काका