एकच शर्यत जिंकून चॅम्पियन कसा?

प्रश्न : काका, मी चिंचवडला राहतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. ब्रिटिश टूरिंग कार, म्हणजे रोजच्या वापरातल्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची स्पर्धा, तिच्या जुन्या शर्यती बघायचा नाद लागलाय. 2018 साली कॉलिन टर्किंग्टन अख्ख्या मोसमात एकच शर्यत जिंकला आणि तरी चॅम्पियन झाला. शिवाय जो पुढे असेल त्याच्याच गाडीत वजन टाकायचे. हा अन्याय नाही का?

उत्तर : आधी हिशेब करू. मोसमात दहा वीकएंड, दर वीकएंडला तीन, म्हणजे 30 शर्यती. पहिल्याला 20 गुण, दुसऱ्याला 17, तिसऱ्याला 15, असं उतरत पंधराव्याला 1. जादाचे एकदोन गुण सोडून दे. दोन शर्यती जिंकलास आणि तिसरीत गाडी बंद पडली, तर 40. तिन्ही वेळा तिसरा आलास, तर 45. त्या वर्षी 17 वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले. विजय इतक्या जणांत वाटले गेले की दर वेळी थोडं का होईना घरी आणणाऱ्याची रास मोठी झाली.

आता वजन. तेव्हा गुणतक्त्यात पुढे असलेल्याच्या गाडीत 75 किलोपर्यंत बोजा चढायचा. सिमेंटचं दीड पोतं समज. सरळ रस्त्यावर त्याचा फार त्रास नाही. मार बसतो ब्रेकला आणि टायरला. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तीच चाकं ओढतात, तीच वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही तीच सोसतात. थ्रक्स्टनच्या ट्रॅकवर वेगवान उजवी वळणं आहेत, तिथे पुढचा डावा टायर आधीच भाजून निघतो. वर हा बोजा, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत गाडी वळायलाच तयार नसते. टर्किंग्टनची बीएमडब्ल्यू मागच्या चाकांनी ढकलली जाणारी, त्यामुळे पुढच्या टायरवरचं काम तेवढं हलकं.

मला यात अन्याय दिसत नाही. वजन कोणाला मिळणार हे त्याचेच गुण ठरवायचे आणि किती मिळणार हे आधी माहीत असायचं. मेकॅनिकला स्प्रिंग बदलता येते, टायरचा दाब बदलता येतो. 2022 ला वजन गेलं, त्याऐवजी पुढे असलेल्याची हायब्रिडची, म्हणजे इंजिनाच्या जोडीला असलेल्या विजेच्या मोटरची, ताकद कमी करू लागले आणि 2025 ला हायब्रिडही काढलं. मला खटकते ती तिसऱ्या शर्यतीची चिठ्ठी. दुसऱ्या शर्यतीत पुढे आलेल्यांपैकी किती जणांची रांग तिसरीच्या सुरुवातीला उलटी लावायची, हे चिठ्ठी काढून ठरतं. प्रेक्षकांना मजा येते, मान्य. पण सकाळपासून राबलेल्या पोरांची जागा चिठ्ठीने ठरावी, हे माझ्या गळी आजही उतरत नाही.

या स्पर्धेचा पहिला मोसम 1958 चा. शेवटी जॅक सिअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले. नाणं उडवून ठरवू, अशी सूचना आली. दोघांनाही ती पटली नाही. मग ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर दोन सारख्या रायली गाड्या आणल्या. दोघे एकदा पळाले, मग गाड्या बदलून पुन्हा पळाले. सिअर्स 1.6 सेकंदांनी जिंकला. नाणं नाकारणारी ही दोन माणसं मला फार जवळची वाटतात.

तुझा राग मात्र मला कळतो, कारण तो मीही काढलेला आहे. भोसरीत माझं गॅरेज होतं. आमची गाडी ट्रकवर चढवायची, खंबाटकी घाटातून कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर न्यायची. आम्ही सगळे त्याला श्रीपेरुंबुदूरच म्हणायचो. एका मोसमात आमच्या ड्रायव्हरने सगळ्यांत जास्त शर्यती जिंकल्या. शेवटच्या शर्यतीत तिसऱ्या फेरीला बॉनेटखालून वाफ आली. रेडिएटरच्या होजचा क्लॅम्प (पाइप आवळून धरणारी पट्टी) सुटला होता. आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात तो मीच आवळला होता. जुना होता. नवा खोक्यात पडून होता, पण ‘अजून एक शर्यत निघेल’ म्हणून मी तो काढला नाही. वर्षभर दुसरा-तिसरा येणारा मुलगा चॅम्पियन झाला. त्या दिवशी मी नियमांना खूप बोललो. येताना आमचा ड्रायव्हर कागलपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि तेवढ्या वाटेत माझ्या लक्षात आलं की त्या मुलाची गाडी वर्षभरात एकदाही बंद पडली नव्हती. तिच्यामागेही कोणीतरी रात्री जागत होतं, आणि त्याने प्रत्येक वेळी नवा क्लॅम्प लावला होता.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला गाड्यांच्या शर्यतीतच काम करायचंय. पुण्यात राहून हे जमेल का? (एक आई, सिंहगड रोड)

उत्तर : जमेल, ताई, पण प्रवासाची तयारी हवी. राष्ट्रीय शर्यतींचे जुने ट्रॅक दक्षिणेत आहेत, एक चेन्नईजवळ आणि दुसरा कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. आपल्या चाकणला तेव्हा बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलो गाडीची 2010 साली खास शर्यत मालिका सुरू झाली, तीही सुरुवातीला पळायला तिकडेच जायची. मुलाचं शिक्षण मात्र सोडू देऊ नका. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं स्वतः गाडी बांधून फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धांत उतरतात. प्रवेश घेताना कॉलेजात अशी टीम आहे का, हे जरूर विचारा. तोवर शनिवार-रविवार एखाद्या चांगल्या गॅरेजात उभा राहू दे. तिथे त्याने गाडी चालवायला मागू नये, टायरचा दाब मोजायचं काम मागावं. गाडी निघण्याआधीचा दाब वेगळा, फिरून आल्यावरचा वेगळा, आणि दोन्ही तारखेसकट वहीत.